रिटर्न भरल्यावर अनुदान आलं, आता काय करायचं?



दिवाळीनंतरच्या ग्रामसंघाच्या बैठकीत एका ताईने पासबुक पुढे केलं आणि म्हणाली, "ताई, अतिवृष्टीचं अनुदान जमा झालंय. पण मी तर सप्टेंबरातच रिटर्न भरून बसले. आता हे पैसे त्यात दाखवले नाहीत म्हणून नोटीस येईल का? माझं पीएम किसान बंद होईल का?" तिच्या शेजारी बसलेल्या वहिनींनी तर आणखी पुढचं सांगितलं. त्यांना बाजारातल्या एका रिटर्न भरून देणाऱ्याने सांगितलं होतं, "पैसे आलेत ना? मग रिटर्न परत भरावं लागेल. हजार रुपये घेऊन या."

बैठकीत पंधरा-वीस जणी होत्या. त्यातल्या सहा जणी रिटर्न भरतात. कुणी बँकेच्या कर्जासाठी, कुणी दुकानासाठी, कुणाच्या मालकाला पगारातून कर कापला जातो म्हणून. सहाही जणींचा प्रश्न एकच होता आणि सहाही जणी घाबरलेल्या होत्या. म्हणून या महिन्याचा धडा याच विषयावर.

धडा वाचताना आपलं पासबुक आणि रिटर्नची पोचपावती जवळ ठेवा. रिटर्न भरत नसाल तरी वाचा, कारण घरातला दुसरा कुणी भरत असेल.

आधी एवढं लक्षात घ्या

या धड्यात दोन गोष्टी शिकायच्या आहेत.

पहिली: पुरात, अतिवृष्टीत, दुष्काळात किंवा गारपिटीत नुकसान झालं म्हणून सरकारने एखाद्या व्यक्तीला दिलेली मदत ही कमाई नाही. त्यावर आयकर लागत नाही. (याला एक अपवाद आहे, तो पुढे पाहू.)

दुसरी: पैसे कोणत्या वर्षाचे, हे पासबुकातली तारीख सांगते. रिटर्न कधी भरलं यावरून ते ठरत नाही.

या दोन गोष्टी पक्क्या कळल्या की निम्मी भीती जाते. आता एकेक नीट समजून घेऊ.

कायदा काय म्हणतो

आयकर कायदा 1961 मध्ये कलम 10 आहे. कोणत्या पैशावर कर नाही त्याची यादी या कलमात आहे. त्यातलं 10(10बीसी) हे उपकलम आपल्या कामाचं. त्याचा साधा अर्थ असा: आपत्तीमुळे झालेल्या नुकसानीबद्दल केंद्र सरकार, राज्य सरकार किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेकडून एखाद्या व्यक्तीला किंवा तिच्या वारसाला जी भरपाई मिळते, ती करमुक्त आहे.

यातले तीन शब्द नीट पाहा.

"आपत्ती" म्हणजे 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात सांगितलेली आपत्ती. पूर, अतिवृष्टी, भूकंप, वादळ यांसारखी संकटं त्यात येतात.

"व्यक्ती किंवा वारस" म्हणजे तुम्ही, मी, आपल्या घरातलं माणूस. आपत्तीत कुणी दगावलं तर वारसाला 4 लाख रुपये मिळतात, त्यावरही कर नाही. मात्र हे कलम व्यक्तीसाठी आहे. गटाच्या किंवा ग्रामसंघाच्या नावावर पैसे आले असतील, तर त्याचा हिशोब वेगळा. तो प्रभागसंघाच्या लेखापरीक्षकाला विचारूनच करायचा.

"सरकार किंवा स्थानिक संस्था" म्हणजे पैसे देणारं कोण ते बघायचं. विमा कंपनीने दिलेला पीकविमा यात बसत नाही. तो शेतीच्या हिशोबात लिहा, अनुदानात मिसळू नका. लाडक्या बहिणीचे 1,500 रुपये हीसुद्धा आपत्तीची मदत नाही. वहीत तिघांच्या ओळी वेगळ्या हव्यात.

31 मार्चची रेघ

आपल्या घरात वर्ष पाडव्याला सुरू होतं, शेतीचं वर्ष मिरगाला. आयकराचं वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं आणि 31 मार्चला संपतं. रिटर्न मात्र वर्ष संपल्यावर काही महिन्यांनी भरतात. सगळा गोंधळ इथेच होतो.

2025 चंच बघा. सप्टेंबर 2025 मध्ये आपण जे रिटर्न भरलं (मुदत वाढत वाढत 16 सप्टेंबरपर्यंत गेली होती), ते 2024-25 या वर्षाचं होतं. म्हणजे 1 एप्रिल 2024 ते 31 मार्च 2025 या बारा महिन्यांचं. एप्रिल 2025 पासून पुढे आलेला एक रुपयाही त्यात बसत नाही.

याच सप्टेंबरात मराठवाड्यात आणि सोलापूरकडे पावसाने थैमान घातलं. सीना नदीला पूर आला, सोयाबीन पाण्यात गेलं. 7 ऑक्टोबर 2025 ला राज्य सरकारने 31,628 कोटी रुपयांच्या मदतीची घोषणा केली. त्यानंतर आपल्या खात्यात जे पैसे आले ते 2025-26 या वर्षातले. त्यांचा सप्टेंबरात भरलेल्या रिटर्नशी काहीही संबंध नाही.

म्हणजे त्या ताईने काही लपवलं नाही, काही चुकवलं नाही. रिटर्न भरलं तेव्हा ते पैसे आलेच नव्हते, आणि ते त्या वर्षाचेही नव्हते. हे पैसे पुढच्या रिटर्नमध्ये, म्हणजे 2026 मध्ये जे भरू त्यात, करमुक्त उत्पन्नाच्या रकान्यात दाखवायचे. तोपर्यंत फक्त वहीत नोंद करून ठेवायची.

मग जुनं रिटर्न कधी दुरुस्त करायचं?

पासबुक उघडा आणि अनुदान जमा झाल्याची तारीख शोधा. तीनपैकी एक परिस्थिती असेल.

1. पैसे 1 एप्रिल 2025 किंवा त्यानंतर आले. जुन्या रिटर्नला हात लावायचा नाही. कुणालाही त्यासाठी पैसे द्यायचे नाहीत.

2. पैसे 31 मार्च 2025 च्या आत आले आणि रिटर्नमध्ये दाखवायचे राहून गेले. रक्कम करमुक्त आहे, त्यामुळे कर बदलत नाही. घाबरायचं कारण नाही. रिटर्न दुसऱ्या कारणाने दुरुस्त करत असाल तर हीही रक्कम करमुक्त रकान्यात दाखवून घ्या.

3. पैसे 31 मार्च 2025 च्या आत आले, पण रिटर्न भरणाऱ्याने ते "इतर उत्पन्न" म्हणून करपात्र उत्पन्नात मिळवले. ही खरी चूक आहे. ती दुरुस्त करायलाच हवी. 2024-25 चं रिटर्न दुरुस्त करण्याची मुदत 31 डिसेंबर 2025 होती.

तिसऱ्या चुकीची किंमत केवढी असते ते एका हिशोबात बघू.

समजा, एका ताईचे मालक कारखान्यात नोकरीला आहेत. त्यांचं रिटर्न जुन्या करपद्धतीने भरलं जातं. सगळ्या वजावटी जाऊन करपात्र उत्पन्न 4,80,000 रुपये राहिलं. जुन्या पद्धतीत 5 लाखांपर्यंत सूट मिळून कर शून्य होतो. आता 2024 च्या अतिवृष्टीचे 30,000 रुपये फेब्रुवारी 2025 मध्ये त्यांच्या खात्यात आले आणि रिटर्न भरणाऱ्याने ते उत्पन्नात धरले. उत्पन्न झालं 5,10,000. 5 लाखांची रेघ ओलांडली की ती सूट पूर्ण जाते. मग हिशोब असा:

अडीच ते पाच लाखांवर 5 टक्क्यांनी 12,500 रुपये.
वरच्या 10,000 वर 20 टक्क्यांनी 2,000 रुपये.
एकूण 14,500. त्यावर 4 टक्के उपकर 580.
भरायचा कर 15,080 रुपये.

तीस हजारांच्या मदतीतले निम्मे पैसे एका चुकीच्या रकान्याने गेले! एवढंच नाही. मागच्या आकारणी वर्षात ज्याने आयकर भरला आहे त्याला पीएम किसानचा लाभ मिळत नाही. लाडकी बहीण योजनेतही कुटुंबात कुणी आयकरदाता असेल तर लाभ मिळत नाही, असा नियम आहे. म्हणजे जो कर द्यायचाच नव्हता तो भरून वर घर आयकरदात्यांच्या यादीत जातं. नुकसान पावसाने एकदा केलं, कागदाने दुसऱ्यांदा.

म्हणून ज्यांच्या खात्यात 31 मार्च 2025 च्या आत अनुदान आलं होतं, त्यांनी आपल्या किंवा मालकांच्या रिटर्नची प्रत आजच काढून बघा. दुरुस्त रिटर्न भरलं की 30 दिवसांच्या आत आधारच्या ओटीपीने किंवा दुसऱ्या मार्गाने त्याची पडताळणी करायची असते. ती राहिली तर भरलेलं रिटर्न धरलंच जात नाही. जास्त भरलेला कर परतावा म्हणून बँक खात्यात येतो. त्या परताव्यावर आयकर खात्याने व्याज दिलं, तर ते व्याज मात्र पुढच्या रिटर्नमध्ये उत्पन्न म्हणून दाखवायचं.

31 डिसेंबर टळला तर? उशिरा भरायचं "अद्ययावत रिटर्न" म्हणून एक सोय आहे, पण ती जास्तीचा कर भरायचा असेल त्यांच्यासाठी. कर कमी करून घ्यायला किंवा परतावा मागायला ती चालत नाही. म्हणून तारीख महत्त्वाची.

अपवाद: एकच नुकसान दोनदा नाही

आता तो अपवाद. हा विशेषतः दुकान, गिरणी, शिवणकाम, खाद्यपदार्थांचा व्यवसाय करणाऱ्या आणि पूर्ण जमाखर्च ठेवून रिटर्न भरणाऱ्या ताईंसाठी आहे.

कायदा म्हणतो: ज्या नुकसानीबद्दल तुम्ही रिटर्नमध्ये वजावट घेतली आहे, त्याच नुकसानीची भरपाई सरकारकडून मिळाली, तर वजावटीइतकी रक्कम करमुक्त नाही. सरळ न्याय आहे. एका नुकसानीचा फायदा दोनदा घ्यायचा नाही.

उदाहरण घेऊ. एका ताईचं किराणा दुकान आहे. सप्टेंबर 2024 च्या सुरुवातीला परभणी, हिंगोली, नांदेड भागात मोठा पाऊस झाला, तेव्हा दुकानात पाणी शिरून 40,000 रुपयांचा माल भिजला. तिने 2024-25 च्या रिटर्नमध्ये हा 40,000 चा तोटा नफ्यातून वजा केला. समजा, त्या नुकसानीची सरकारी मदत उशिरा, ऑक्टोबर 2025 मध्ये आली.

मदत 25,000 आली, तर सगळे 25,000 वजावटीच्या आत आहेत. ते सगळे व्यवसायाच्या उत्पन्नात धरायचे.

मदत 50,000 आली, तर 40,000 उत्पन्नात धरायचे आणि वरचे 10,000 करमुक्त.

मग जुनं रिटर्न दुरुस्त करायचं का? नाही. आधी वजा केलेला तोटा नंतर भरून मिळाला, तर ज्या वर्षी पैसे मिळाले त्या वर्षाच्या उत्पन्नात ते धरतात. म्हणजे 2025-26 च्या रिटर्नमध्ये. इथेही पासबुकातली तारीखच वर्ष ठरवते.

आणि उत्पन्नात धरले म्हणजे कर भरावाच लागेल, असंही नाही. 2025-26 साठी नव्या करपद्धतीत 4 लाखांपर्यंत करच नाही. 12 लाखांपर्यंतच्या साध्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. आपल्या बहुतेक दुकानदार ताईंना काहीच भरावं लागणार नाही. पण नोंद खरी हवी.

ज्या ताई उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी नफा दाखवून आयटीआर-4 भरतात, त्या भिजलेल्या मालाची वेगळी वजावट घेत नाहीत. त्यांनी सल्लागाराला एवढंच विचारावं: "माझ्या रिटर्नमध्ये या नुकसानीची वजावट घेतली होती का?" उत्तर "नाही" असेल तर अपवाद लागू होत नाही.

शेतकरी ताईचा हिशोब

आता जिचं फक्त शेतीचं नुकसान झालं तिचं बघू. 2025 च्या अतिवृष्टीसाठी कोरडवाहू पिकाला हेक्टरी 8,500, बागायतीला 17,000 आणि बहुवार्षिक फळपिकाला 22,500 रुपये हा दर होता. त्याशिवाय रब्बीच्या बियाणं-खतासाठी हेक्टरी 10,000 रुपये जाहीर झाले.

एका ताईचं पाच एकर, म्हणजे दोन हेक्टर, कोरडवाहू सोयाबीन गेलं. तिचे 17,000 आणि 20,000 असे मिळून 37,000 होतात. बऱ्याच ठिकाणी हे पैसे दोन वेगवेगळ्या तारखांना आले. म्हणून एकच रक्कम बघून "कमी आले" असं समजू नका, आणि दुसरी रक्कम आल्यावर "हे कशाचे?" म्हणून गोंधळू नका. दोन्ही सरकारने आपत्तीमुळे दिलेली मदत आहे. दोन्हींच्या नोंदी वेगळ्या करा.

इथे एक चूक फार होते. रिटर्न भरणारा घाईत हे पैसे "शेती उत्पन्न" म्हणून टाकतो. शेती उत्पन्नावरही कर नाही, मग काय बिघडलं, असं वाटेल. बिघडतं असं की शेती उत्पन्न 5,000 च्या वर गेलं की साधा आयटीआर-1 चालत नाही. शिवाय घरात दुसरी करपात्र कमाई असेल, तर कराचा दर ठरवताना शेती उत्पन्न मोजलं जातं. म्हणून अनुदान अनुदानाच्याच रकान्यात हवं. आयटीआर-1 मध्ये करमुक्त उत्पन्नाच्या यादीत 10(10बीसी) हा पर्याय आहे. रिटर्न भरणाऱ्याला तो दाखवायला सांगा.

जमीन कुणाच्या नावावर आणि पैसे कुणाच्या खात्यात, हेही बघा. सातबारा सासऱ्यांच्या नावावर असेल आणि पैसे त्यांच्या खात्यात आले असतील, तर ते त्यांचे. तुमच्या रिटर्नमध्ये नकोत. सामाईक सातबाऱ्यावर संमतीपत्र देऊन एकाच्या खात्यात पैसे घेतले असतील, तर त्या संमतीपत्राची झेरॉक्स जपून ठेवा.

पैसे आले, पण हातात आले का?

कराचं झालं. पण अनुदान आल्यावर आणखी तीन ठिकाणी लक्ष ठेवावं लागतं.

कोणत्या खात्यात आले? हे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. पुष्कळ जणींची दोन-तीन खाती असतात आणि आधार भलत्याच खात्याला जोडलेलं असतं. एका खात्यात दिसले नाहीत तर दुसरं पासबुक भरून बघा. बँक सखीला विचारा. ई-केवायसी बाकी असेल तर तलाठ्याकडच्या यादीतला आपला विशिष्ट क्रमांक घेऊन सेवा केंद्रात जा.

बँकेने कापले का? मदतीच्या रकमेतून बँकांनी कर्जाची वसुली करू नये, अशी सूचना शासन मदतीच्या निर्णयांमध्ये देत असतं. तरी खात्यावर होल्ड लागला किंवा रक्कम कर्जखात्यात वळवली गेली, तर तोंडी भांडत बसू नका. शाखा व्यवस्थापकाला लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या आणि एक प्रत तहसील कार्यालयात द्या. एकटी जाऊ नका, गटातल्या दोघी-तिघी मिळून जा.

फोन आला का? "तुमच्या अनुदानावर कर बाकी आहे, आत्ता भरा नाहीतर पैसे परत जातील," असा फोन आला तर तो फसवणुकीचा समजा. या पैशावर कर नाही, हे आता तुम्हाला माहीत आहे. ओटीपी सांगू नका, लिंक उघडू नका. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन करा.

आणि एक. अनुदान करमुक्त आहे, पण ते बँकेत ठेवून त्यावर जे व्याज मिळतं ते करमुक्त नाही. मुदत ठेव केली तर व्याज उत्पन्नात दाखवायचं. बँक ही माहिती आयकर खात्याला कळवते, म्हणून ती लपत नाही.

वहीत नोंद कशी करायची

पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र आपण गटात रोज म्हणतो: नोंदी. गटाचं दप्तर आपण पै-पैचं लिहितो आणि घरचं मात्र तोंडी ठेवतो. अनुदानासाठी वहीत एक पान वेगळं करा. त्यावर एवढं लिहा:

तारीख (पासबुकातली)
रक्कम
कुणाकडून आली
कोणत्या नुकसानीची
कुणाच्या खात्यात
कोणत्या आर्थिक वर्षात
या नुकसानीची वजावट रिटर्नमध्ये घेतली होती का: हो किंवा नाही

त्या पानाला पिशवी जोडा आणि त्यात हे कागद ठेवा: पासबुकाच्या पानाची झेरॉक्स, ई-केवायसीची पावती, पंचनाम्याची किंवा यादीतल्या आपल्या नावाची प्रत, नुकसानीचे फोटो, दुकान असेल तर मालाची बिलं, आणि रिटर्नची पोचपावती. मोबाईलवरचा बँकेचा मेसेज पुसला जातो, म्हणून त्याचाही फोटो काढून छापून ठेवा. हे कागद किमान सात वर्षं सांभाळा. नोटीस आलीच, तर उत्तर या पिशवीतच असेल.

पुढच्या वर्षी रिटर्न भरायला जाताना हे पान सोबत न्या आणि समोर बसून रकाना बघून घ्या. "तुम्ही भरा, मी नंतर सही करते," असं म्हणू नका. रिटर्न कुणीही भरून दिलं तरी जबाबदारी आपल्या नावावर असते.

एक माहिती आणखी. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा, 2025 लागू. त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत. पण 31 मार्च 2026 पर्यंत आलेल्या पैशाचं रिटर्न जुन्याच कायद्याने भरायचं आहे. त्यामुळे त्या तारखेपर्यंत आलेल्या अनुदानासाठी 10(10बीसी) हाच क्रमांक सांगा.

रिटर्न भरणं आणि कर भरणं

शेवटी मनातली एक भीती काढून टाकू. आपल्याकडे "रिटर्न भरलं म्हणजे सरकारच्या यादीत नाव गेलं" असं म्हणतात आणि त्या भीतीने पुष्कळ जणी रिटर्नच भरत नाहीत. मग व्यवसायासाठी मोठं कर्ज मागायला गेलं की बँक तीन वर्षांची रिटर्न मागते आणि हात रिकामे असतात. रिटर्न म्हणजे आपल्या वर्षाचा हिशोब. तो दिला म्हणून कर भरावा लागतो असं नाही. कर लागतो तो करपात्र उत्पन्न रेघेच्या वर गेलं तरच. आणि नुकसानभरपाई त्या रेघेत मोजायची नाही, हेच आज आपण शिकलो.

त्या बैठकीतल्या ताईचं पासबुक आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिलं. तारीख ऑक्टोबरची होती. तिला सांगितलं, "अगं, तुला काहीच करायचं नाही. वहीत लिही आणि हरभऱ्याचं बियाणं आण." वहिनींचे हजार रुपयेही वाचले. पण त्याच बैठकीत तिसऱ्या एकीच्या मालकांचं रिटर्न निघालं, ज्यात मागच्या वर्षीचं अनुदान उत्पन्नात धरलेलं होतं. त्यांनी ते दुरुस्त करायला दिलंय. ती गप्प बसली असती, तर कुणाला कळलंच नसतं.

पुढच्या बैठकीत हे करा

1. प्रत्येकीने आपलं पासबुक आणावं. अनुदानाची ओळ शोधून तारीख मोठ्याने वाचावी. ती कोणत्या आर्थिक वर्षात बसते ते सगळ्यांनी मिळून सांगावं.

2. ज्यांच्या घरी कुणी रिटर्न भरतं त्यांची यादी करा. ज्यांचं अनुदान 31 मार्च 2025 च्या आत आलं, त्यांची रिटर्न बघून घ्या.

3. हा हिशोब सोडवा: एका ताईच्या पिठाच्या गिरणीचं पुरात नुकसान झालं. तिने रिटर्नमध्ये 18,000 ची वजावट घेतली. नंतर 22,000 ची सरकारी मदत आली. किती रुपये उत्पन्नात धरायचे आणि किती करमुक्त? (उत्तर: 18,000 उत्पन्नात, 4,000 करमुक्त.)

4. ज्या ताईला वाचता येत नाही, तिच्या वहीतलं पान शेजारच्या ताईने लिहून द्यावं आणि तिला वाचून दाखवावं.